गाडीतला नवा टेप बंद का पडतो?

वाशीम जिल्ह्यात ज्यांच्या दारी मोटार आहे, त्यांचा बराचसा प्रवास लांबच्या आणि एकसुरी रस्त्यांवरचा असतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून विभक्त होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याच्या वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत कचेरीचे काम असो, बाजार समितीतली विक्री असो, की पोहरादेवीचे अथवा शिरपूरचे दर्शन असो, निमित्त कोणतेही झाले तरी तास-दोन तास गाडीत काढावेच लागतात. आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून नागपूरची खेपही पुष्कळांच्या नित्याची झाली आहे. अशा प्रवासात आकाशवाणीचे बातमीपत्र, एखादे कीर्तन किंवा आवडीची गाणी ऐकवून चालकाला जागे ठेवणारा आणि कुटुंबाला रमविणारा ध्वनिसंच ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास जुन्या गाडीत नवा टेप बसवून घेणारी घरे म्हणूनच थोडी नाहीत.

पुष्कळदा मात्र असे घडते की, दुकानासमोर उत्तम वाजलेला हा नवा टेप गाव सोडून चार-पाच किलोमीटर जातो न जातो तोच बंद पडतो. क्षणार्धात आपोआप पुन्हा लागतो, आवाज थोडा वाढविला की पुन्हा मालवतो, आणि कधी चावी फिरविताच आधी लावून ठेवलेली सारी केंद्रे विसरून नव्यासारखा कोरा होऊन बसतो. मालक म्हणतो, माल खराब निघाला. दुकानदार सचोटीचा असेल तर संच बदलूनही देतो. आणि दुसरा संचही जेव्हा पहिल्याप्रमाणेच वागू लागतो, तेव्हा मालक आणि दुकानदार दोघेही परस्परांकडे संशयाने पाहू लागतात. वस्तुतः त्या वेळी तपासाची दिशाच चुकलेली असते.

माझे स्पष्ट मत असे आहे की, नव्या संचाचे वारंवार बंद पडणे हा बहुतांशी त्या संचाचा दोष नसून, बॅटरीपासून संचापर्यंत येणाऱ्या आणि संचापासून गाडीच्या लोखंडी सांगाड्यामार्गे बॅटरीकडे परत जाणाऱ्या विजेच्या वाटेवरील एखाद्या दुर्बल सांध्याचा दोष असतो. आणि तो सांधा शोधावयाचा तर पक्कड आणि पेचकस हाती घेण्यापूर्वी संच नेमका केव्हा बंद पडतो, याची बारकाईने नोंद घेतली पाहिजे.

बंद पडणे ही संचाची स्वसंरक्षणाची कृती

मोटारीतील ध्वनिसंचाचा इतिहास येथे थोडक्यात पाहिला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. १९३० साली शिकागो येथील गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, त्या काळी रेडिओतील निर्वात नलिकांना पुष्कळ उच्च दाबाची वीज लागे, आणि गाडीची बॅटरी तर बहुधा सहा व्होल्टांचीच असे. त्यामुळे आरंभी स्वतंत्र बॅटऱ्या बाळगून, व पुढे व्हायब्रेटर नावाच्या साधनाच्या द्वारे दाब वाढवून, हा रेडिओ चालवावा लागे. १९५० नंतरच्या दशकात गाड्यांमध्ये बारा व्होल्टांची बॅटरी रूढ झाली, त्याच सुमारास ट्रान्झिस्टर आला, आणि हा सारा खटाटोप अनावश्यक ठरला. त्या जुन्या संचाला मिळणारा दाब घसरला तर त्याचा आवाज क्षीण होई, घोगरा होई, परंतु तो स्वतःहून काही निर्णय घेत नसे.

आजच्या संचाची रचना निराळी आहे. त्याच्या पोटात बसविलेला सूक्ष्म-नियंत्रक मिळणाऱ्या विजेच्या दाबावर सतत लक्ष ठेवतो, आणि ध्वनी वाढविणारी चकती, म्हणजे अँप्लिफायरचा आयसी, स्वतःचे तापमान व स्पीकरच्या तारांची अवस्था अजमावीत असतो. दाब ठराविक मर्यादेच्या खाली गेला (बहुतेक संचांच्या माहितीपुस्तिकांत ही मर्यादा ११ व्होल्टांच्या आसपास दिलेली असते), तापमान फार चढले, किंवा स्पीकरची तार कोठे सांगाड्याला टेकली, म्हणजे जळून जाण्यापेक्षा थांबणे श्रेयस्कर, या न्यायाने संच आपला व्यवहार तहकूब करतो. काही संचांच्या पडद्यावर अशा वेळी ‘प्रोटेक्ट’ अथवा ‘चेक वायरिंग’ अशी अक्षरेही उमटतात. ती अक्षरे दिसोत वा न दिसोत, बंद पडलेला संच बहुधा बाहेरील एखाद्या अनियमिततेची वर्दी देत असतो, आणि ती वर्दी गांभीर्याने घेणे हे आपले कर्तव्य आहे.

तीन तारांचे अधिकार

संचाच्या पाठीमागून निघणाऱ्या तारांच्या जुडग्यात तीन तारा सर्वांत महत्त्वाच्या. पिवळी तार ही बॅटरीशी अखंड जोडलेली, जिला कारागीर ‘डायरेक्ट’ म्हणतात. घड्याळ, लावून ठेवलेली केंद्रे आणि आवाजाची मांडणी यांची स्मृती ती जपते, आणि बहुतेक संचांत ध्वनी वाढविण्यास लागणारी मोठी शक्तीही तीच पुरविते. लाल तार ही चावीवरची. चावी फिरली म्हणजे संचाला उठण्याचा आणि चावी काढली म्हणजे निजण्याचा हुकूम तिच्यावाटे पोचतो. काळी तार म्हणजे अर्थिंग, जी गाडीच्या उघड्या लोखंडाला घट्ट बसलेली असली पाहिजे. याखेरीज एरियल उभारण्यासाठी निळी, बाहेरच्या अँप्लिफायरसाठी निळी-पांढरी, रात्रीच्या उजेडासाठी नारिंगी, आणि स्पीकरसाठी पांढरी, करडी, हिरवी व जांभळी अशा तारांच्या जोड्या असतात, ज्यांतील काळ्या रेघेची तार त्या त्या स्पीकरची ऋण बाजू समजावी.

येथे एक खबरदारी अवश्य घ्यावी. हे रंग संचाच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठेवते, आणि काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत तर चौकोनी कपलरमधील डायरेक्ट आणि चावीच्या तारांच्या जागाच परस्परांत बदललेल्या असतात. म्हणून रंगाला रंग जोडून मोकळे होणे हा अनेक दुखण्यांचा उगम ठरतो. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, तर संच चालतो खरा, परंतु चावी काढताच सर्व काही विसरतो. दोन्ही तारा चावीवर जोडल्या तर विस्मृती होतेच, शिवाय बारीक तारेवर साऱ्या संचाचा भार पडतो. आणि दोन्ही डायरेक्ट जोडल्या तर संच चावी काढूनही जागाच राहतो व चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरवून ठेवतो.

पहिला प्रश्न: केव्हा?

संच केव्हा बंद पडतो, या प्रश्नाच्या उत्तरावरून अर्धा तपास गाडी न उघडताच पुरा होतो. सेल्फ मारतेवेळी क्षणभर बंद पडून इंजिन सुरू होताच पूर्ववत होत असेल, तर तो दोष नव्हे. सेल्फची मोटर बॅटरीतून फार मोठा प्रवाह ओढते, दाब दहा व्होल्टांच्या जवळपास घसरतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्या वेळेपुरती चावीवरची वीज हेतुपुरस्सर तोडलेली असते. मात्र त्याच क्षणी घड्याळही शून्यावर येत असेल, तर तारांची अदलाबदल किंवा बॅटरीचा अशक्तपणा यांपैकी एक कारण धरून चालावे.

खड्ड्यावरून जाताना, किंवा गाडी डांबरी सोडून शिवारातल्या पांदणीला लागताच बंद पडत असेल, तर कपलर नीट बसलेला नाही किंवा पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा ढिला आहे, याविषयी फारशी शंका उरत नाही. हेडलाइट लावल्यावर बंद पडत असेल, तर संचाची आणि दिव्यांची अर्थिंग एकाच कच्च्या खिळ्यावर घेतली आहे काय, हे पाहावे. उलट दिवे लावल्यावरच संच चालू होत असेल, तर लाल तार चुकून डॅशबोर्डच्या उजेडाच्या तारेवर गेली, असे समजावे. इंजिन बंद असताना बंद पडणारा संच इंजिन चालू होताच व्यवस्थित वाजू लागला, तर बॅटरीची परीक्षा आधी करावी. इंजिनचा वेग वाढल्यावरच बंद पडणारा संच अल्टरनेटरचा दाब मर्यादेबाहेर चढत असल्याची सूचना देत असतो. अर्धा तास उत्तम वाजून मग थांबणाऱ्या संचाचा संबंध उष्णतेशी असतो: वैशाखात चाळिशी ओलांडणारे ऊन, बंद काचांची गाडी, संचाच्या मागे कोंबलेले तारांचे भेंडोळे, आणि कधी चार ओहमच्या एका स्पीकरऐवजी दोन स्पीकर समांतर जोडून अँप्लिफायरवर लादलेला दुप्पट भार.

लागताच दोन-तीन सेकंदांत बंद पडणाऱ्या संचाची चौकशी स्पीकरपासून आरंभावी. जुन्या जीपगाड्यांतील संचांत स्पीकरची एक बाजू सांगाड्यालाच जोडण्याचा प्रघात होता, आणि तीच जुनी वायरिंग कायम ठेवून नवा संच बसविला की घोटाळा होतो. कारण नव्या संचात स्पीकरच्या दोन्ही तारांवर, सांगाड्याच्या तुलनेत, बॅटरीच्या सुमारे निम्मा दाब असतो, आणि त्यांपैकी कोणतीही लोखंडाला टेकली की संच तत्क्षणी स्वतःला मिटून घेतो. चारही स्पीकर सोडवून संच चालू ठेवून पाहावा. तो टिकला, तर एकेक स्पीकर जोडीत जावे, म्हणजे कोणत्या दारात तार सोलली आहे, ते आपोआप उघडकीस येते.

मीटर काय सांगतो, आणि काय लपवितो

उरलेला आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे आवाज वाढविल्यावर बंद पडणारा संच. येथे कारागीर मल्टिमीटर लावतो, पिवळ्या तारेवर साडेबारा व्होल्ट दिसतात, लाल तारेवरही तितकेच दिसतात, आणि वायरिंग निर्दोष असल्याचा निर्वाळा देऊन तो मोकळा होतो. त्याने पाहिलेला आकडा खरा असतो, परंतु त्यावरून काढलेले अनुमान खरे नसते. रब्बीच्या हरभऱ्याला तुषार सिंचनाने पाणी देणारा शेतकरी हे चटकन ओळखील: पाइप कोठे दुमडला असेल, तर एक तोटी चालविताना पाणी जोरात उडते, परंतु सर्व तोट्या सोडल्या की साऱ्यांचाच जोर जातो. विजेच्या वाटेवरील गंजलेला सांधा हा असाच दुमडलेला पाइप होय. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नसल्यामुळे त्याला हा अडथळा जाणवत नाही. संच मोठ्याने वाजू लागला म्हणजे मात्र तो जाणवतो.

आकड्यांत सांगावयाचे तर, एखाद्या सांध्याचा रोध पाव ओहम आहे असे समजू. संच हळू वाजताना अर्धा अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्या सांध्यात दाब घटतो तो अवघा ०.१२५ व्होल्ट, ज्याची कोणालाही दखल घ्यावीशी वाटणार नाही. तोच संच ढोलाच्या ठोक्याबरोबर दहा अँपिअर मागू लागला की २.५ व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात, बॅटरीच्या साडेबारांपैकी संचाच्या हाती दहाच उरतात, आणि तो बंद होतो. बंद होताच प्रवाह थांबतो, प्रवाह थांबताच दाब पूर्ववत होतो, आणि दाब आलेला पाहून संच पुन्हा जागा होतो. लागणे आणि मालवणे यांच्या ज्या चक्राला लोक संचाचा लहरीपणा म्हणतात, त्यामागे असा काटेकोर नियम असतो.

म्हणून मोजमाप नेहमी भार असताना करावे. प्रथम बॅटरीवर: पूर्ण भरलेली व विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टांच्या आसपास, आणि इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखविते. पंधराच्या वर आकडा गेला तर आधी अल्टरनेटर दाखवावा. मग संच मोठ्याने वाजत असताना मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी संचाच्या काळ्या तारेवर ठेवावी. येथे आकडा शून्याच्या निकट हवा, आणि पाव-अर्ध्या व्होल्टाची तफावत दिसली तर अर्थिंग कच्ची आहे, हे निश्चित समजावे. तीच परीक्षा बॅटरीचे धन टोक आणि पिवळी तार यांच्यामध्ये करावी. मीटर जवळ नसेल, तर इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब पिवळ्या व काळ्या तारांना लावून पाहावा. तो पावणेदोन अँपिअर प्रवाह घेत असल्यामुळे कच्च्या सांध्यावर मंद जळतो. बारीक एलईडीचा टेस्टर या कामी निरुपयोगी, कारण तो कच्च्या सांध्यावरही तेजाने चमकतो.

अर्थिंगची आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. काळी तार सुटलेली असली तरी संच एरियलच्या तारेवरील जाळीमार्फत अर्थिंग मिळवून कसाबसा चालत राहतो, आणि त्या स्थितीत खरखर फार ऐकू येते. एरियलची पिन उपसताच संच मेला, तर काळ्या तारेकडे लक्ष देण्यास आणखी पुरावा नको.

दुरुस्ती आणि फ्यूजची मर्यादा

दुरुस्ती साधी असते, तथापि ती मनापासून करावी लागते. अर्थिंगची जागा रंगाखाली झाकलेली नसावी. रंग खरवडून, लोखंड चकचकीत करून, गोल टर्मिनल बोल्टखाली घट्ट आवळावे, आणि डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये शिरलेल्या स्क्रूवर तार गुंडाळण्याचा मोह टाळावा. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी डाख द्यावा अथवा टर्मिनल दाबून बसवावे, व वरून उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. उन्हाळ्यात चिकटपट्टीचा डिंक पातळ होतो, पट्टी सरकते, आणि आज पक्का भासलेला सांधा एका मोसमात उघडा पडतो. गाडीची मूळ वायरिंग न कापता बसणारा, त्या मॉडेलसाठीचा तयार कपलर मिळत असेल, तर तो घेणे सर्वांत इष्ट. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत चावीची स्वतंत्र तार डॅशबोर्डमागे येतच नाही, तो हुकूम संगणकीय संदेशाने पोचतो. तेथे योग्य अडॅप्टरच लागतो, आणि हाती लागेल त्या तारेवरून वीज घेणे अयोग्य होय.

फ्यूजविषयी मी आग्रहाने सांगेन. संचाचा फ्यूज साधारण दहा किंवा पंधरा अँपिअरचा असतो. तो पुनःपुन्हा जातो म्हणून तेथे मोठा फ्यूज घालणे, किंवा तांब्याची तार अथवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी बसविणे, म्हणजे आग लागण्याची तजवीज आपल्याच हाताने करणे होय. कारण मग तापून वितळण्याचे काम फ्यूजऐवजी डॅशबोर्डमधली तार करू लागते. काम आरंभण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि स्टिअरिंग व डॅशबोर्ड यांच्या परिसरात पिवळ्या रंगाचे जे कपलर दिसतात, ते बहुधा एअरबॅगचे असल्याने त्यांना हात लावू नये.

एवढे सारे पाहूनही उलगडा झाला नाही, तर निर्णायक परीक्षा उरते. संच गाडीतून काढून, पिवळी व लाल तार एकत्र करून फ्यूजमार्फत चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, आणि काळी तार ऋण टोकाला जोडावी. एकच निर्दोष स्पीकर लावून अर्धा तास मोठ्याने वाजू द्यावा. येथे तो टिकला, तर संच निर्दोष व दोष गाडीत. येथेही बंद पडला, तर दोष संचाचा, आणि वॉरंटीनुसार तो बदलून मागण्याचा ग्राहकाचा हक्क निर्विवाद. ही परीक्षा दुकानदाराच्या समक्ष केली, तर वादाला जागा राहत नाही. आणि तरीही हक्क नाकारला गेला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची मुभा आहे, जेथे पक्के बिल हाच मुख्य दस्तऐवज ठरतो.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की, हजारो रुपयांच्या संचाबरोबर फिटिंगसाठी आणखी पैसे आणि तासाभराचा वेळ कशाला खर्चावा? त्याला माझे उत्तर असे की, संचाच्या किमतीतील सारा गुण त्या दोन-तीन सांध्यांवरच अवलंबून असतो, आणि ते सांधे नीट करणारा कारागीर घाईत काम उरकणाऱ्यापेक्षा अधिक मजुरीस सर्वथा पात्र असतो. नवा टेप बसवून घेताना त्याच्याकडून दोन आकडे बिलाच्या पाठीमागे लिहून घ्यावेत: संच मोठ्याने वाजत असताना पिवळ्या व काळ्या तारेत मिळालेला दाब, आणि बसविलेल्या फ्यूजची मर्यादा. पुढेमागे संच बंद पडलाच, तर मालक, कारागीर आणि दुकानदार या तिघांनाही हेच दोन आकडे पुन्हा मोजून तपासास आरंभ करता येईल.